तुम्हाला तर सवय असेल

ही गोष्ट एका जेवणाची आहे. पण जेवून हात धुतला आणि विसरलो, अशातली ती नाही. गेले कित्येक दिवस ती माझ्या घशात अडकलीय. म्हणून तुमच्यापुढं मांडतो.

माझा आतेभाऊ जहाजावर आहे. इंजिनखोलीत ऑईलर. तेल वाहून नेणारं जहाज. आपल्या घरात सोयाबीनचं जे तेल येतं त्यातलं बरंचसं अर्जेंटिनातून येतं. तिथं पाराना नावाची थोरली नदी आहे, तिच्या काठाला रोसारिओ शहर आणि आजूबाजूला तेलाची बंदरं. दादाचं जहाज तिथं लागलं. चे गव्हेराचा जन्म या रोसारिओतला, १९२८ सालचा. म्हणून मीच त्याला म्हटलं होतं, दादा, जहाजावर बसून राहू नको, गावात जाऊन ये.

तो गेला. आणि रात्री त्याचा फोन आला. त्याच्याकडं रात्रीचे साडेअकरा, माझ्याकडं सकाळचे आठ. मी तिसरी पाळी करून नुकताच गिरणीतनं आलो होतो, केसांत अजून कापूस होता. दादा म्हणाला, "झोपू नको. एक विचारायचंय."

चौघंजण गेले होते. दादा, फिलिपिनो आचारी, एक केरळचा पोरगा आणि एक अधिकारी. अधिकारी आपल्याच महाराष्ट्रातला, मराठी बोलणारा, आडनाव सांगितलं तर तुम्ही मान हलवाल. ते सांगत नाही. गेले ते एका पार्रीशात. पार्रीशा म्हणजे लोखंडी जाळी, आणि त्या जाळीवर मांस भाजून वाढणाऱ्या खानावळीलाही तिकडं पार्रीशाच म्हणतात. भाजायच्या ह्या सगळ्या प्रकाराला, आणि त्यासाठी माणसं जमतात त्या जमण्यालाही, आसादो म्हणतात.

दादानं ती खानावळ मला फोनवरच फिरून दाखवल्यागत सांगितली. आपल्याकडं हॉटेलातली चूल मागं दडवलेली असते, मोरीशेजारी. तिथं चूल पुढं. आत शिरलं की आधी आग दिसते. एका बाजूला लाकूड नाहीतर कोळसा पेटवतात, त्याचे इंगळ झाले की ते ओढून जाळीखाली पसरतात. जाळ मांसाला लागू देत नाहीत, नुसती धग. मसाला जवळजवळ नाहीच. खडेमीठ. हाड असेल ती बाजू आधी खाली. दोन-दोन तास माणूस उभा असतो आगीपुढं, घाई करत नाही. त्याला आसादोर म्हणतात. आणि घरी, दोस्तांत आसादो असला की जेवता जेवता कुणीतरी ओरडतं, आसादोरला टाळ्या! आणि सगळे टाळ्या वाजवतात.

मी म्हटलं, "जनावर भाजणाऱ्याला टाळ्या?"

दादा म्हणाला, "हां. टाळ्या."

मग टेबलावर एक छोटी शेगडी आणून ठेवली, खाली इंगळ, वर ताट. पहिल्यांदा फासळ्या-बिसळ्या येत नाहीत. पहिल्यांदा येतात आचुरास. म्हणजे आतला माल. चिंचुलिनेस म्हणजे बारीक आतडी, साफ करून, कुठं कुठं वेणीसारखी गुंफून, कुरकुरीत भाजलेली, वर लिंबू. मोर्सिशा म्हणजे आतड्यात रक्त भरून केलेली. गुर्दे. आणि मोशेहास, वासराच्या गळ्याजवळची मऊ गाठ, ती तर अशी नाजूक की पार्रीशाच्या महागड्या पदार्थांत तिची गणती. दादा पाहतच राहिला. म्हणाला, "अरे, ही आपली वजडी! ही आपली रक्ती! पांढऱ्या टेबलावर, काट्या-चमच्यानं, आणि ताट मधी एकच. चौघांचे हात एकाच ताटात."

आणि तेवढ्यात तो अधिकारी, जो जहाजावर दर मंगळवारी अंडंसुद्धा खात नाही, तो गाईचा मोठा तुकडा तोंडात घालून मिटल्या डोळ्यांनी चावत होता. चावून झाल्यावर हसून म्हणाला, "घरी कुणाला सांगू नका हं." आणि मग दादाकडं वळून, अगदी प्रेमानं, "तुम्हाला तर सवय असेल."

बस. एवढंच. शिवी नाही, मारहाण नाही. दादाच्या हातातला काटा थांबला.

दादानं मला विचारलं ते हे : "मी पुढं खायला पाहिजे होतं, का उठायला पाहिजे होतं?"

मित्रांनो, हा प्रश्न दिसतो तेवढा लहान नाही. मी त्याला तेव्हा झटक्यात उत्तर दिलं. ते काय दिलं ते शेवटी सांगतो. आधी आपण तो प्रश्न पाखडून बघू.

ताट एकच. मांस एकच. जनावर एकच. त्या अधिकाऱ्यासाठी ते काय होतं? परदेश होता. गंमत होती. जहाज सुटलं की पाप धक्क्यावरच राहतं. घरी गेला की तो पुन्हा शुद्ध. आणि दादासाठी? तोच घास त्याची जात झाला. हजारो किलोमीटर समुद्र ओलांडून गेलेल्या माणसाच्या ताटात एका वाक्यानं गावकुसाबाहेरची हाडकी आणून टाकली. म्हणजे विटाळ मांसात नव्हता. मांसात असता तर दोघांनाही सारखाच लागला असता. विटाळ त्या "तुम्हाला" या शब्दात होता.

आता कुणी म्हणेल, बाबासाहेबांनीच सोडायला सांगितलं होतं ना? सांगितलं होतं. मार्च १९२७ ला महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या माणसांना मेलेल्या जनावराचं मांस सोडा, उष्टं-शिळं सोडा, असं बजावून सांगितलं. आपल्या आज्या-पणज्यांनी ते ऐकलं आणि चुलीवरची भांडी बदलली. त्या सोडण्याला मी दोन्ही हात जोडतो. पण काय सोडायला सांगितलं ते नीट बघा. मेलेलं ढोर ओढणं हे आपल्या बापजाद्यांच्या गळ्यात मारलेलं गावकीचं काम होतं. ते नाही म्हणायची सोय नव्हती. आणि त्या कामाची मजुरी काय, तर तेच ढोर. जो ढोर ओढतो तोच ते खातो, आणि खातो म्हणून तो नीच, आणि नीच म्हणून त्यानंच ओढायचं! कसं गोल दोरखंड वळलंय बघा. बाबासाहेबांनी ते दोरखंड तोडायला सांगितलं. १९४८ सालच्या अस्पृश्यांवरच्या त्यांच्या पुस्तकात तर ते सरळ दाखवतात की गाय एके काळी सगळेच खात होते, ब्राह्मणसुद्धा. ज्यांनी सोडलं ते वर चढले, ज्यांना मेलेल्यावर जगावं लागलं त्यांना खाली ढकललं. म्हणजे पदार्थ तोच होता, त्याच्याभोवतीचं नातं बदललं.

म्हणून मी माझ्यापुरती एक कसोटी ठरवलीय. तुम्ही ती तपासा, चुकली तर फेका. कुठल्याही अन्नाला मी तीन प्रश्न विचारतो. एक, हे मी घेतलंय का माझ्यापुढं टाकलंय? दोन, मला हे नको म्हणता येतं का? तीन, मी हे कुणाशेजारी आणि कुठल्या उंचीवर बसून खातोय? गावकीतल्या ढोराला हे तीन प्रश्न विचारा. टाकलेलं. नको म्हणता येत नाही. गावाबाहेर, जमिनीवर. तिन्हीत नापास. ते सोडणं हीच माणुसकी होती.

२०१६ सालच्या जुलैत गुजरातमधल्या उनाला आपल्या पोरांना मेलेल्या गाईचं कातडं सोलतात म्हणून गाडीला बांधून मारलं. त्यानंतर तिथल्या आपल्या लोकांनी मेलेली गुरं उचलायलाच नकार दिला, सुरेंद्रनगरला नेऊन कलेक्टर कचेरीपुढं टाकली. हे महाडचंच पुढलं पाऊल. नको म्हणता येतं, हे दाखवून दिलं.

पण याचीच दुसरी बाजू आहे, आणि ती आपण विसरतो. ज्याला नको म्हणता येत नाही तो गुलाम. तसा ज्याला हवं म्हणता येत नाही तोही मोकळा नाही. आपल्या राज्यात गाय कापायला १९७६ च्या कायद्यानं बंदी होती, २०१५ ला बैल आणि वळूही त्यात आले. कापलं तर पाच वर्षांपर्यंत कैद. २०१६ ला उच्च न्यायालयानं बाहेरच्या राज्यातून आणलेलं मांस जवळ बाळगणं गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं, पण कापण्यावरची बंदी तशीच ठेवली. काल आपल्याला हे खावंच लागेल म्हणणारे आणि आज हे खायचंच नाही म्हणणारे, दोघांचं आडनाव एकच आहे. दोन्ही वेळा ताट आपलं आणि हुकूम त्यांचा.

इथवर आलो आणि मला अर्जेंटिना फार आवडू लागला. मनात म्हटलं, बघा, एक देश असा आहे की जिथं आतड्याला लिंबू पिळतात आणि भाजणाऱ्याला टाळ्या देतात. तिथं जात नाही! पण मित्रांनो, दुसऱ्याचं टेबल लांबून नेहमीच सपाट दिसतं. मी मिळेल ते वाचायला लागलो. आणि टेबलाखालचं दिसायला लागलं.

ती गुरं ज्या पांपाच्या गवतावर वाढली ती जमीन कुणाची होती? तिथल्या मूळ आदिवासींची. १८७८ ते १८८५ या वर्षांत जनरल रोकाच्या फौजांनी दक्षिणेकडं मोहीम काढली. तिचं नाव काय, तर वाळवंटाचा विजय! माणसं राहत होती त्या मुलखाला आधी वाळवंट म्हणायचं आणि मग जिंकायचं. माणसं मारली, उरलेली पकडून बायका-पोरांसकट घरकामाला आणि उसाच्या मळ्यांवर वाटली, आणि जमीन थोड्या मोठ्या जमीनदारांच्या घशात गेली. रोका १८८० ला राष्ट्राध्यक्ष झाला.

त्याच्याही आधी तिथं सालादेरो होते, मांस खारवायचे कारखाने. ते खारवलेलं वाळकं मांस कुठं जायचं? ब्राझीलला आणि क्युबाला. तिथल्या मळ्यांवरच्या गुलामांना खायला. आपली आजी चान्या वाळवायची त्याची आठवण मला आली. वाळलेल्या मांसाची दोरी सगळ्या जगात गुलामाच्याच दाराला टांगलेली दिसते.

आणि ती आतडी? खुद्द अर्जेंटिनातही काळे गुलाम होते, १८५३ च्या घटनेनं ती गुलामगिरी बंद केली. एस्तेबान एचेवेर्रीया नावाच्या लेखकाची 'एल मातादेरो', म्हणजे कत्तलखाना, ही गोष्ट त्यांच्या साहित्यातल्या अगदी सुरुवातीच्या गोष्टींपैकी एक मानतात. लिहिली १८४० च्या आगेमागे, छापली १८७१ ला, लेखक मेल्यावर वीस वर्षांनी. त्यात ब्युनोस आयर्सच्या कत्तलखान्यात आतड्यांसाठी झोंबणाऱ्या काळ्या बाया आहेत. लेखकाचा राग हुकूमशहावर, पण शिसारी त्या बायांची! आपल्याकडच्या पांढरपेशा साहित्याशी नातं जुळतंय ना? हुकूमशहाविरुद्ध लिहिणारा उदारमतवादी लेखक आतडी धुणाऱ्या बाईपाशी येऊन नाक दाबतो. आज तीच आतडी पांढऱ्या टेबलावर आली. पदार्थाची बढती झाली. त्या बायांची कुठं झाली?

फासळ्यांची पण अशीच एक गोष्ट तिथं सांगतात. १८८० नंतर गोठवलेलं मांस जहाजानं इंग्लंडला जाऊ लागलं. चांगले तुकडे इंग्रजांना, उरलेल्या फासळ्या करवतीनं कापून कामगारांना. तेच आता आसादो दे तिरा म्हणून देशाचं लाडकं खाणं झालंय. आणि पेरॉनच्या काळात, १९४६ ते १९५५ मध्ये, कामगारांना सरकारी घरं मिळू लागली तेव्हा पांढरपेशांनी एक अफवा उठवली, की ही काळी डोकी घरातली लाकडी फरशी उखडून त्यावर आसादो भाजतात! आपल्याकडं म्हणतात ना, यांना फ्लॅट दिला की हे भाड्यानं देऊन परत झोपडीत जातात. तेच. गरिबाला घर मिळालं की सधनाच्या तोंडात गोष्ट तयार असते.

आणि आज? २०२३ ला तिथं महागाई दोनशे टक्क्यांच्या वर गेली. २०२४ च्या पहिल्या सहामाहीत निम्म्याहून जास्त लोक गरिबीरेषेखाली होते. जो देश वर्षाला माणशी पन्नासेक किलो गोमांस खातो, तिथं गरिबाच्या जाळीवर कोंबडी येतेय. पांपावर आता सोयाबीन आहे. त्याचंच तेल दादाच्या जहाजातनं आपल्या कढईत येतं.

हे सगळं वाचून माझी ती कसोटी मोडली का? नाही. उलट तिला चौथा प्रश्न जोडावा लागला : या ताटामागं कोण उभं आहे, जो या टेबलावर बसला नाही? नुसतं मला शेजारी बसू दिलं म्हणजे समता झाली, असं मानलं तर मी पण त्या अधिकाऱ्यासारखाच. माझी सोय झाली की संपलं. एक चांगली गोष्ट मात्र तिथली सांगितलीच पाहिजे. इमारतीवर काम करणारे गवंडी-मजूर तिथं दुपारी कामाच्या जागीच विटांवर जाळी मांडून आसादो करतात. धूळ, सिमेंट, आणि मधी इंगळ. ज्यानं भाजलं त्याला टाळ्या. ते टेबल मला पार्रीशाच्या टेबलापेक्षा जास्त खरं वाटतं.

टाळ्यांवरनं अजून एक. तिथं आगीपुढं बहुतेक पुरुषच असतो. कोशिंबीर, भांडीकुंडी बाईकडं. टाळ्या पुरुषाला. आपण हसायचं कारण नाही. माझी माय रविवारी वजडी धुते. उकळतं पाणी, चुना, उलटी करून खरवडायची, परत पाणी, परत खरवडायची. दोन तास. बोटं पांढरी पडतात. मग मी जेवतो, आणि जेवून विद्रोहाची कविता लिहितो. तिला टाळ्या कुणी दिल्या? मी तर दिल्या नाहीत. आपण जे खाणं आपली अस्मिता म्हणून सभेत सांगतो, ते धुणारी बाई सभेत कुठं बसलीय, हे एकदा मागं वळून बघा.

आता एक अवघड गोष्ट. टाळून जमणार नाही. १४ ऑक्टोबर १९५६ च्या बावीस प्रतिज्ञांत सर्व प्राणिमात्रांवर दया करीन अशी प्रतिज्ञा आहे. मग मांस कसं? मी यावर रात्र रात्र साच्यापुढं उभा राहून विचार केलाय. बाबासाहेब 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये मारण्याची गरज आणि मारण्याची हौस यांत फरक करतात, आणि अहिंसेला नियम न म्हणता तत्त्व म्हणतात. नियम आंधळेपणानं पाळायचा, तत्त्व डोळे उघडे ठेवून. बुद्धानं भिक्खूंना ठरवून दिलं होतं, की आपल्यासाठी मारलेलं पाहिलं नाही, ऐकलं नाही, तशी शंका नाही, तर वाढलेलं मांस घ्यावं. आणि शेवटचं जेवण आठवा. चुंद लोहारानं वाढलं, त्यानंतर बुद्ध आजारी पडले. त्या ताटात डुकराचं मांस होतं का आळंबी, यावर पंडित अजून भांडतायत. पण बुद्धांना काळजी कसली होती? आनंदाला त्यांनी सांगितलं, चुंदाच्या मनाला अपराधी वाटू देऊ नका, त्याच्या दानाचं पुण्य मोठं आहे. ताटात काय आहे यापेक्षा वाढणाऱ्याच्या मनाचं काय होतंय, हे त्यांनी मरता मरता बघितलं. जो पुढं म्हणेल मला जनावराची दया येते, मी सोडलं, त्याला मी वाकून नमस्कार करीन. दादानं त्या टेबलावर दारूला हात लावला नाही, नुसता सोडा प्यायला, कारण प्रतिज्ञा आहे. त्यानं ठरवलं, त्यानं सोडलं. असं सोडणं मला कळतं. पण गाईची दया येऊन जो माणसाला झाडाला बांधतो, त्याच्या दयेवर माझा विश्वास नाही.

तर मग दादाच्या प्रश्नाला उत्तर काय?

उठला असता तर? तर त्या अधिकाऱ्याचं खरं झालं असतं. ताट कलंकाचं, आणि कलंक आमचा. आणि त्या वाक्याला उत्तर म्हणून नुसतं भराभर खाल्लं असतं तर? तर तो घासही त्यानंच ठरवलेला. मग तो खातो भुकेनं आणि आम्ही खातो त्याला दाखवायला. दोन्हीकडं दोरी त्याच्या हातात. खाणं आणि उठणं यांत उत्तर नव्हतंच. उत्तर बोलण्यात होतं. म्हणून मी दादाला म्हटलं, "तू म्हणायला पाहिजे होतंस : हो साहेब, सवय आहे. धुवायची आहे, शिजवायची आहे, आणि त्यापायी शिव्या खायचीही आहे. तुम्ही फक्त खायची लावून घेतली. आता घरी जाऊन सांगायचीही लावून घ्या."

दादा खूप वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तू सांगितलं असतंस का?"

आणि मित्रांनो, इथं माझी बोलती बंद झाली. कारण गिरणीत जेवणाच्या सुट्टीत मी डबा कसा उघडतो, ते मला ठाऊक आहे. झाकण पूर्ण काढत नाही. भिंतीकडं तोंड करतो. कुणी विचारलं तर म्हणतो, वांगं आहे. वांगं! बोकडाची वजडी, जिला कुठलाच कायदा अडवत नाही, तिला मी वांगं म्हणतो. माय दोन तास बोटं सोलून जे धुते, ते मी एका शब्दात नाकारतो. तो अधिकारी घरी सांगू नका म्हणाला. मी गिरणीत सांगत नाही. आमच्यात फरक किती उरला?

फरक आहे. त्याला सांगितलं तर घरी चार बोलणी बसतील. मी सांगितलं तर उद्यापासून पाण्याचा ग्लास वेगळा होईल. भीती खरी आहे, ती मी नाकारत नाही. पण भीती खरी आहे म्हणून वांगं खरं होत नाही.

पुढच्या सोमवारी मी डबा मधी ठेवला. झाकण काढलं. एकानं विचारलं, काय आणलंय? मी म्हटलं, वजडी. हात कापत होता, खोटं कशाला सांगू. दोघंजण आपापले डबे घेऊन सरकले. एक जण बसून राहिला, पण त्यानं हात घातला नाही. रिंग फ्रेमवरचा एक म्हातारा साचेवाला पलीकडनं उठून आला, भाकरीचा तुकडा मोडला, रश्शात बुडवला, म्हणाला, "मीठ कमी हाय." एवढंच झालं. क्रांती झाली नाही. पण मीठ कमी आहे हे कुणीतरी माझ्या मायच्या कालवणाला म्हणालं, आणि ते फक्त कालवणाबद्दल होतं. माणसाच्या जेवणाला माणूस जसं म्हणतो तसं.

घरी येऊन मायला सांगितलं. ती म्हणाली, "त्याला म्हणावं, पुढल्या रविवारी घरीच ये."

आपल्यात बरेच जण शहरात खोली मिळावी म्हणून आडनाव गिळतात, डब्याचं झाकण धरून बसतात. मी कुणाला भेकड म्हणणार नाही, मी स्वतः सहा वर्षं वांगं खाल्लंय. ज्याला सोडायचं त्यानं विचार करून सोडावं, ज्याला खायचं त्यानं मान वर करून खावं. पण दोन्हींचं कारण आपलं असावं. आणि धुणाऱ्या हातांना विसरू नये.

जय भीम.